पाढे येतात, पण सकाळचा चहा झाल्याचे आठवत नाही : मेंदूच्या दुखापतीनंतर घर कसे चालवावे?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझे यजमान ४३ वर्षांचे असून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. चौदा महिन्यांपूर्वी शाळा सुटल्यावर घरी येताना सिन्नरच्या अलीकडे एका पिकअप गाडीने त्यांच्या मोटारसायकलला मागून धडक दिली. हेल्मेट होते, पण आरशाला अडकवलेले. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळल्यामुळे त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला आणि साडेतीन महिन्यांनी तो पुन्हा बसवला. एकोणीस दिवस त्यांना शुद्ध नव्हती. आज ते स्वतः चालतात, जेवतात, स्पष्ट बोलतात. शेवटच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी स्कॅन समाधानकारक असल्याचे सांगून सहा महिन्यांनी यायला सांगितले. माझी अडचण तिथून पुढे सुरू होते.

त्यांना २९ चा पाढा न अडखळता येतो. पावकी, निमकी, दिडकीसुद्धा येते. परंतु सकाळचा चहा झाला की नाही हे त्यांना सांगता येत नाही आणि तासाभरात ते दोनदा चहा मागतात. दात घासायला गेले की ब्रश हातात घेऊन बेसिनसमोर उभे राहतात; मी जाऊन पेस्ट लावून दिली की पुढचे सर्व व्यवस्थित करतात, पण मी गेले नाही तर दहा मिनिटे तसेच उभे असतात. गेल्या महिन्यात त्यांनी सलग तीन दिवस दोन-दोन किलो भेंडी आणली. कुकरची शिट्टी आणि टीव्ही एकाच वेळी वाजू लागले की त्यांचा तोल जातो. आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याच्यावर कधी आवाजही न चढवलेल्या या माणसाने मागच्या आठवड्यात त्याची वही भिरकावली आणि अर्ध्या तासाने, तो का रडतो आहे, असे मलाच विचारले.

सासूबाईंचे म्हणणे असे, की पाढे येतात म्हणजे डोके शाबूत आहे. मी सारखी मागे लागते म्हणून तो चिडतो. मी त्यांना दोष देत नाही, कारण आपल्या मुलाचे काही कायमचे गेले आहे हे मान्य करणे कोणत्याही आईला जड जाईल. परंतु घरात हे ऐकायचे आणि बाहेर "सर आता अगदी पहिल्यासारखे दिसतात" हे ऐकायचे, यामुळे मला स्वतःचीच शंका येऊ लागली आहे.

दोन व्यावहारिक प्रश्नही आहेत. यजमानांची वैद्यकीय रजा संपत आली असून, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून दिला तर पुढचा त्रास वाचेल, असे कार्यालयातील एकाने सुचवले आहे. अपघात भरपाईचा दावा आम्ही चौथ्या महिन्यातच दाखल केला होता. आता वकील म्हणतात, लोकअदालतीत मिटवून टाकू. या दोन्ही कागदांवर सही करावी का?

शेवटची गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. ते वाचले याबद्दल मी रोज देवाला हात जोडते, आणि तरीही ते शेजारच्या खोलीत असताना मला त्यांची आठवण येते. असे कोणाला झाले आहे का?

उत्तर १ : उंबरठा (पुणे)

ताई, मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) असून गेली काही वर्षे मेंदूला दुखापत झालेल्या रुग्णांबरोबर काम करते. तुमच्या यजमानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने वाचावा.

प्रथम पाढ्यांविषयी, कारण तुमच्या घरातला सगळा वाद तिथेच अडकला आहे. लहानपणी हजारो वेळा घोकलेला पाढा आणि आज सकाळी प्यालेला चहा या दोन गोष्टी मेंदू एकाच पद्धतीने सांभाळत नाही. जुने, मुरलेले ज्ञान बहुधा टिकून राहते. नवी घटना नोंदवून ठेवण्याची क्षमता मात्र कानशिलामागच्या भागाला इजा झाली की फार लवकर जाते. डोक्याला कोणत्याही बाजूने मार बसला तरी आतला मेंदू हलून कवटीच्या तळाशी असलेल्या खडबडीत हाडावर घासला जातो, आणि त्यामुळे कपाळामागचा व कानशिलाजवळचा भाग सर्वाधिक दुखावतो. स्मरण, संयम आणि कामाला हात घालण्याची प्रेरणा याच भागांवर अवलंबून असते. सासूबाईंनी सांगितलेला पुरावा खरा आहे, फक्त तो चहाला लागू पडत नाही, असे त्यांना सांगून पाहावे. मी रुग्णांच्या आईंना सांगते, की जुन्या वह्यांचे कपाट शाबूत आहे, नव्या वहीत शाई उमटत नाही. बहुतेकींना ते पटते.

बेसिनसमोर उभे राहणे हा आळस नाही आणि हट्टही नाही. काय करायचे हे त्यांना माहीत असते, पण पहिली हालचाल सुरू होत नाही. म्हणून "आवरा ना आता" असे म्हणून उपयोग होत नाही, आणि पेस्ट लावून दिली की गाडी सुरू होते. रात्रीच ब्रशवर झाकण घालून पेस्टची ट्यूब त्याच्या शेजारी उघडी ठेवा, आरशावर "१. पेस्ट लावा" एवढेच मोठ्या अक्षरांत चिकटवा, आणि काही दिवस फक्त बोटाने त्या कागदाकडे दाखवा. तोंडी सूचना हळूहळू कमी करत जायचे असते. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती दिल्यावर आपण गप्प राहावे. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, असे मला पुष्कळ घरांत दिसले आहे.

आता एक चूक, जी जवळपास प्रत्येक घर प्रेमापोटी करते. पाहुणे आले की "सांगा बरं, हे कोण?", रात्री झोपताना "आज काय जेवलात, आठवतंय का?" अशी परीक्षा घेतली जाते. स्मरण अधू असलेला माणूस अंदाजाने उत्तर देतो, आणि तो चुकीचा अंदाजच त्याच्या मनात पक्का होतो, कारण आपण चुकलो होतो ही आठवण त्याच्याजवळ राहत नाही. त्यामुळे विचारू नये, सांगावे. "हा संगमनेरचा विजूमामा, काल याचा फोन आला होता" असे आपणच बोलून टाकावे. चहा झाला की कप विसळून न ठेवता टेबलावर उपडा ठेवावा. उपडा कप दिसला म्हणजे चहा झाला, ही खूण शब्दांपेक्षा लवकर रुजते.

रागाविषयी. दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवा : राग येण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात काय चालले होते, किती वाजले होते, ते किती वेळ झोपले होते. बहुधा संध्याकाळ, आवाज, भूक किंवा दमणूक यांपैकी काही तरी वारंवार दिसेल. या दुखापतीनंतरचा थकवा विश्रांतीशिवाय जात नाही, म्हणून दुपारची झोप औषधासारखी वेळेवर द्यावी आणि कुकर लावण्यापूर्वी टीव्ही बंद करावा. फिट येऊ नये म्हणून त्यांना गोळ्या चालू असतील तर त्यांचे नाव पाहा. लेव्हेटिरासेटाम या औषधाने काही जणांची चिडचिड वाढते. तसे असेल तर डॉक्टर पर्याय देऊ शकतात. मात्र गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. ब्राह्मी, बदाम, कोणी सुचवलेला काढा, काहीही सुरू करण्यापूर्वी ते याच डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मी प्रत्येकाला विचारते : त्यांना वास येतो का? त्यांना डोळे मिटायला सांगून हिंगाची डबी नाकाजवळ धरून पाहा. नाकातून मेंदूकडे जाणारे नाजूक तंतू धक्क्याने तुटू शकतात आणि वास कायमचा जाऊ शकतो. घरच्यांना ते कळतसुद्धा नाही. तसे असेल तर गॅस गळतीचा वास त्यांना येणार नाही. रेग्युलेटर रोज रात्री बंद करावा आणि गळती ओळखणारा अलार्म बसवून घ्यावा. मोटारसायकल डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नको. दारू तर नकोच.

चौदा महिने झाले म्हणजे सुधारणा थांबली, असे समजू नका. पहिल्या सहा महिन्यांतला वेग पुढे राहत नाही हे खरे आहे, परंतु दोन वर्षांनंतरही नव्या सवयी लागलेली माणसे मी पाहिली आहेत. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेत मेंदूच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. एकदा तिथे सविस्तर तपासणी करून घेता आली तर रोजच्या फिजिओला आणि घरच्यांनाही दिशा मिळते.

उत्तर २ : शिवणीचा धागा (सोलापूर)

मी स्वतः या दुखापतीतून गेलो आहे, सहा वर्षे झाली. फार लांबलचक लिहिले तर मलाच दम लागतो, म्हणून चार गोष्टी.

लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची पंगत बसलेली असताना तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज तुम्ही इतर आवाजांतून वेगळा काढता. माझ्या कानात आता भांडी, सनई, लहान मुले आणि समोरचा माणूस सगळे सारख्याच जोराने येतात. कुकर आणि टीव्ही म्हणजे काय, हे मला वाचताक्षणी कळले.

"आठवतंय का" या प्रश्नाबद्दल वरच्या ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. मी लाजेपोटी उत्तरे रचून सांगत असे आणि ती मला स्वतःलाही खरी वाटत. माझ्या बायकोला वाटायचे, हा खोटे बोलायला लागला.

पहिली दोन वर्षे मला मी बदललो आहे हेच ठाऊक नव्हते. घरचे लोक कारण नसताना माझ्यावर पहारा का ठेवतात, असे वाटे आणि त्याचाच राग येई. तुमच्या यजमानांना तुम्ही मागे लागता असे वाटत असेल, तर ते तुमच्यावरचे मत समजू नका.

ज्याने फरक पडला ते एवढेच, की माझी बायको कोणतीही गोष्ट अचानक करीत नाही. "पंधरा मिनिटांनी निघायचे आहे", मग "पाच मिनिटांनी", मग चपला दारात. राग आल्यावर ती वाद घालत नाही, गच्चीत जाते आणि दहा मिनिटांनी विषय बदलून परत येते. पहिल्यांदा मला तो अपमान वाटला होता. मुलांना मात्र तिने तेव्हाच सांगून टाकले होते, की बाबांचे ओरडणे तुमच्यामुळे नाही. तुमच्या मुलाला हे कोणी सांगितले आहे का?

उत्तर ३ : दप्तरी (कोल्हापूर)

वहिनी, माझ्या थोरल्या भावाच्या अपघातानंतर मी पाच वर्षे न्यायालय आणि कार्यालये यांच्या पायऱ्या चढलो आहे. वकील नाही, त्यामुळे माझे म्हणणे जाणकाराकडून तपासून घ्यावे. परंतु स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर आज सही करू नये, हे मी ठामपणे सांगतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० मधील उपकलम ४ असे सांगते, की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करायचे नाही किंवा खालच्या पदावर आणायचे नाही. तो पूर्वीचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे. तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी घडेल तोपर्यंत, अधिसंख्य म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त जादा पदावर ठेवायचे. जिल्हा परिषद ही शासकीय आस्थापनाच आहे. स्वेच्छानिवृत्ती मात्र कर्मचाऱ्याने स्वतः मागितलेली असते, आणि एकदा ती मंजूर झाली की या कलमाचा आधार पुन्हा मिळवणे फार अवघड जाऊ शकते. सुचवणाऱ्याने कदाचित चांगल्या हेतूने सुचवले असेल. माझ्या भावालाही असेच एका सज्जन माणसाने सुचवले होते. जे काही बोलणे होईल त्याचे उत्तर लेखी मागा आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतलेली आपली प्रत जपून ठेवा.

या कलमाचा आधार घ्यायचा तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) हाताशी हवे, आणि खरी अडचण तिथे येते. कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकारचे दिव्यांगत्व दिले आहे. त्यात मेंदूची दुखापत असा वेगळा प्रकार नाही. हातापायातील अशक्तपणा असेल तर तो चलनविषयक दिव्यांगत्वात मोजला जातो, बोलण्या-समजण्यात अडथळा असेल तर वाचा व भाषा दिव्यांगत्वात. तुमच्या यजमानांना स्मरण, निर्णय आणि वागणूक यांचाच त्रास आहे, आणि त्याची व्याख्या कायद्याने मानसिक आजार या शीर्षकाखाली केली आहे. त्या व्याख्येत स्मरणशक्तीचा उल्लेख स्पष्टपणे आहे. हे शब्द कागदावर पाहून आमच्या आईने दोन दिवस जेवण घेतले नाही. कायद्याला दुसरा कप्पा नाही म्हणून हा शब्द आला आहे, एवढेच समजावे.

प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर तुमचे यजमान पाच मिनिटे छान बोलतील, कदाचित डॉक्टरांना पाढाही म्हणून दाखवतील, आणि टक्केवारी कमी लागेल. आमच्या बाबतीत तसेच झाले; भावाने तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या गावच्या जत्रेची माहिती विचारली आणि आम्ही १५ टक्क्यांवर परत आलो. दुसऱ्या वेळी आम्ही तीन महिन्यांची रोजची नोंदवही, शाळेत किंवा दुकानात घडलेल्या प्रसंगांची लेखी पत्रे आणि मानसशास्त्रीय चाचण्यांचा अहवाल घेऊन गेलो. मानसिक आजाराची टक्केवारी ठरवताना स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी पाहतात. तुमची नोंद याच चार बाबींत लावून नेली तर समोरच्याचे काम सोपे होते. आरक्षणासारख्या बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट असते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत त्यांना स्वतःला ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

लोकअदालतीबद्दल. तिथे तडजोड झाली की तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही. रक्कम ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी वकिलांना विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे, की शरीराच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० टक्के अपंगत्व आलेला शिक्षक वर्ग सांभाळू शकत नसेल तर त्याचे नुकसान ३० टक्के एवढेच धरता येत नाही. आणि २०२० मध्ये, बारा वर्षांची असताना मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने परिचारकाचा खर्च एकरकमी अंदाजाने न ठरवता, महिन्याच्या खर्चावरून वर्षाचा खर्च काढून त्याला वयानुसार ठरलेला गुणक लावून हिशेब केला. तुमच्या यजमानांच्या वयोगटाला, म्हणजे ४१ ते ४५ साठी, हा गुणक १४ आहे. आज तुम्ही जे दिवसभर करता ते काम उद्या पगारी माणसाकडून करून घ्यावे लागले तर महिन्याला काय पडेल, हे नाशिकच्या एखाद्या नर्सिंग ब्युरोकडून लेखी घेऊन दाव्यात जोडता येईल. बायको करतेच आहे, मग खर्च कसला, हा प्रश्न आमच्या वकिलांनीच आम्हाला विचारला होता.

इतर वाचकांसाठी एक सूचना : १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार असा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

उत्तर ४ : वाशिष्ठी (चिपळूण)

अगं मुली, कायदा आणि उपचार यांत माझी गती नाही. माझा मुलगा एकवीस वर्षांचा असताना झाडावरून पडला. आज तो बत्तीस वर्षांचा आहे. तुझी शेवटची ओळ वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही.

होय, असे होते. माणूस गेला तर लोक दहा दिवस घरी बसतात, बोलायला येतात, आणि आपल्याला रडायची मुभा असते. इथे माणूस समोर बसून भात कालवतो आहे, मग रडायचे कोणासाठी? पहिल्या महिन्यात आमच्याकडे इतकी शहाळी आली की ठेवायला जागा नव्हती. सहाव्या महिन्यात कोणी फिरकेना. त्यांना काय बोलावे ते सुचत नव्हते, हे मला फार उशिरा कळले; तोवर मी सगळ्यांवर मनातून रागावून बसले होते.

त्यानंतर मी मदत मागायची रीत बदलली. "कधी तरी या" असे म्हणणे सोडले. माझ्या धाकट्या दिराला सांगितले, की दर दुसऱ्या रविवारी दुपारी तीन ते सहा तू याच्याबरोबर बसायचे, कॅरम खेळायचा, मी घरात नसेन. जावेला सांगितले, की मंगळवारचे जेवण तुझ्याकडून येईल. ठरलेले काम माणसे आनंदाने करतात. त्या तीन तासांत मी कुठे फार जात नसे. बहुतेक वेळा बसस्टँडवर बसून चहा घेत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत असे. तुझ्या सासूबाईंनाही एक संपूर्ण दिवस तुझ्या यजमानांबरोबर एकटीने काढू दे, तू माहेरी जा. माझ्या सासूचे मत एका दिवसात बदलले होते. मी वाद घालून दोन वर्षे घालवली होती.

नोंदवहीबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या मुलाने वही दोनदा फाडली, कारण वहीत लिहिणे म्हणजे शाळेत नापास झाल्यासारखे त्याला वाटे. शेवटी भिंतीवरचे कालनिर्णय कामाला आले. दुधाचा हिशेब आपण जसा तारखेच्या चौकटीत लिहितो, तशा त्याच्या गोळ्या आणि कामे त्याच चौकटीत आम्ही सगळेच लिहू लागलो, माझेही आणि ह्यांचेही. सगळ्यांचे लिहिले जाते म्हटल्यावर त्याने फाडले नाही.

रात्री फार जड झाले तर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मी लाजत लाजत दोनदा लावला आहे.

उत्तर ५ : दूरदेशी (लेस्टर)

मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. इथे १९७९ पासून हेडवे नावाची संस्था फक्त मेंदूच्या दुखापतीसाठी काम करते. सगळे आलबेल आहे असे नव्हे, पुनर्वसनासाठी इथेही लोक वाट पाहत बसतात. पण त्यांची एक साधी गोष्ट आपल्याकडे घरच्या घरी करता येईल. त्या संस्थेकडून अशा माणसांना एक ओळखपत्र मिळते; त्यावर त्यांना नेमक्या कोणत्या अडचणी येतात ते लिहिलेले असते. अडखळत चालणारा, उत्तराला वेळ लावणारा माणूस लोकांना आणि पोलिसांना दारू प्यायलेला वाटतो, त्यासाठी त्याचा उपयोग होतो. तुमच्या यजमानांच्या पाकिटात एक लॅमिनेट केलेले कार्ड ठेवा : नाव, "अपघातात मेंदूला दुखापत झाली आहे, उत्तर द्यायला वेळ लागतो, कृपया हळू बोला", तुमचा फोन आणि चालू औषधे. भेंडीवाल्यालाही ते एकदा दाखवून ठेवता येईल.

गोदाकाठ (नाशिक), बारा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी छापून घेतली आणि उत्तर १ मधला पाढ्यांचा भाग सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी यजमानांनी चहा मागितल्यावर त्यांनीच उपड्या कपाकडे बोट दाखवले.

स्वेच्छानिवृत्तीचा कागद मी सही न करता परत केला आणि कलम २० चा उल्लेख करून पर्यायी पदासाठी अर्ज दिला आहे. प्रतीवर शिक्का घेतला. वकिलांनी लोकअदालतीची तारीख घेण्याचे तूर्त थांबवले आहे. हिंगाची डबी नाकाजवळ धरली तेव्हा यजमान म्हणाले, "काही नाही, रिकामी आहे." त्याच संध्याकाळी गॅसचा अलार्म मागवला. त्यांना चालू असलेली गोळी तीच निघाली, उत्तर १ मध्ये नाव होते ती. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.

सोलापूरच्या दादांचा प्रश्न मला सर्वांत लागला. मुलाला कोणीच काही सांगितलेले नव्हते. मी त्याला जवळ घेऊन सांगितले, तेव्हा त्याने विचारले, की मग बाबांना माझे सगळे पाढे झाले हेही आठवणार नाही का? मला उत्तर देता आले नाही. आता रोज संध्याकाळी, टीव्ही बंद असताना, दोघे मिळून पाढे म्हणतात. यजमान मुलाला चुका दुरुस्त करून देतात आणि आवाज चढत नाही. तो पाठ झालेल्या पाढ्याचा आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहितो; काल १७ लिहिला आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज अजून भरलेला नाही. मानसिक आजार हा शब्द सासूबाईंच्या आधी मलाच जड जातो आहे. नोंद मात्र चार रकाने पाडून सुरू केली आहे.